पहिल्या पंगतीचा प्रश्न

आमच्या घरांत वादाला विषय लागत नाहीं, हें या सदराच्या वाचकांस आतां ठाऊक झालेंच आहे. मागें एकदां लोणच्याच्या बरणीवरून निघालेला वाद पानिपतापर्यंत कसा पोंचला, तें आम्हीं याच जागीं निवेदन केलें होतें. या खेपेस मात्र जो विषय निघाला, तो आमच्यासारख्या शाळामास्तरास सर्वस्वीं अपरिचित होता. आमच्या नातीच्या शाळेचा बास्केटबॉलचा संघ निवडला गेला. आणि त्यांतील ज्या पांच मुली पहिल्या शिटीला मैदानांत उतरावयाच्या, त्यांत पांचवी कोण असावी, यावरून आमच्या औरंगपुऱ्यांतील घरांत लागोपाठ तीन रात्रीं जेवणें लांबलीं.

झालें तें असें. नात नववींत आहे. शुक्रवारीं शाळेच्या फलकावर बारा नांवांची यादी लागली. वरच्या पांचांत नातीचें नांव होतें. तिची बालवर्गापासूनची एक मैत्रीण आहे. ती आठवड्यांतून तीन दिवस आमच्याच स्वयंपाकघरांत जेवते, आणि आमच्या मांडणींत तिचें स्वतःचें असें एक ताट आहे. तिचें नांव खालच्या सातांत, म्हणजे बांकावर बसणाऱ्यांत होतें. त्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. शनिवारीं जेवावयास आली नाहीं. ताट मांडणींतच राहिलें. जिची निवड झाली तीच मुलगी डोळे पुसत बसली आहे, हा विपरीत प्रकार पाहून आमचे ज्येष्ठ बंधु म्हणाले, "अगं, तुझंच नांव लागलंय ना? मग पेढे आण!"

"मोठे आजोबा, तिचं लागायला हवं होतं," नात म्हणाली.

येथून वादास तोंड फुटलें.

ज्या वाचकांस या खेळाचा परिचय नसेल त्यांच्याकरितां चार शब्द लिहितों. 1891 सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या एका शिक्षकानें, हिवाळ्यांत विद्यार्थ्यांस छपराखालीं खेळवितां यावें म्हणून, सज्जाला दोन टोपल्या टांगून हा खेळ रचला. हल्लीं टोपलीच्या जागीं लोखंडी कडें असतें आणि तें जमिनीपासून दहा फूट उंच असतें. एका वेळीं एका बाजूचे पांच खेळाडू मैदानांत, बाकीचे बांकावर. दहा दहा मिनिटांचे चार डाव. महत्त्वाची गोष्ट ही कीं शिक्षक वाटेल तितक्या वेळां खेळाडू बदलूं शकतो. म्हणजे बांकावरची मुलगी पांचव्या मिनिटास मैदानांत आणि मैदानांतली बांकावर. मग पहिल्या पांचांत असलें काय नि नसलें काय, असें आम्हांस वाटलें. तसें आम्हीं बोलूनही दाखविलें.

"अहो, मग पहिल्या पंगतीला बसलं काय नि शेवटच्या पंगतीला बसलं काय!" आंतून आवाज आला. आमच्या सौभाग्यवतींचा. "वरण तेंच, भात तोच. पण चाळीस वर्षं शेवटच्या पंगतीला मीच बसलें, तेव्हां निवड समिती कुठली होती, तें कधीं कुणी विचारलं नाहीं."

यावर कोणाजवळच उत्तर नव्हतें. आमच्या घरांत पंगतीची चाल आतां सणावारापुरतीच उरली आहे, असें ज्येष्ठ बंधूंनीं पुटपुटून पाहिलें. पण सणावारींच तर पंक्ति मोठी असते. पंक्ति हा शब्द संस्कृतांत नुसत्या ओळीचा वाचक आहे. त्या ओळींत कोणाचें स्थान कोठें, याचा विचार मागाहून आपण त्यांत भरला. असो.

तर वाद असा. आमचा पुतण्या वाळूजच्या एका कारखान्यांत इंजिनिअर आहे आणि कॉलेजांत असतांना क्रिकेट खेळत असे. त्याचें म्हणणें, या खेळांत उंचीस पर्याय नाहीं. कड्यावरून परत आलेला चेंडू जो आधीं झेलील त्याच्या हातीं खेळ. नात पांच फूट सात इंच, मैत्रीण जेमतेम पांच फूट. तेव्हां शिक्षकांनीं केलें तें योग्यच केलें. सूनबाईंचें म्हणणें याच्या उलट. त्यांनीं दोघींचा सराव पाहिलेला. त्या म्हणाल्या, "आपली उंच आहे, पण चेंडू हातांत आला कीं बावरते. ती पोर चेंडू आपटत अशी निसटते कीं समोरच्या मुलींना कळत नाहीं. आणि स्वतः मारण्यापेक्षां दुसरीला देते." ज्येष्ठ बंधु पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले, त्यांचें मत असें, कीं वरिष्ठांनीं एकदां यादी लावली कीं तिच्यावर चर्चा करणें हाच शिस्तभंग.

या मतांनीं पहिली रात्र सरली. दुसऱ्या रात्रीं पुतण्यानें मोहाली काढली.

"काका, मोहालीची टेस्ट आठवते कां? आपल्याकडचे दोघं एकदम खेळले होते ती?"

आठवणार नाहीं कसें! 2001 सालचा डिसेंबर. शाळेच्या शिक्षकखोलींत एक लहानसा दूरदर्शनसंच होता, आणि मधल्या सुटींत त्यापुढें बसण्यास जागा मिळत नसे. त्या सामन्याची पूर्वकथा मोठी विचित्र आहे. आदल्या महिन्यांत आपला संघ दक्षिण आफ्रिकेंत असतां पोर्ट एलिझाबेथच्या कसोटींत सामनाधिकारी माइक डेनेस यांनीं सचिन तेंडुलकरांसह सहा खेळाडूंस शिक्षा ठोठावल्या. त्यांत वीरेंद्र सेहवाग यांस एका कसोटीची बंदी झाली. पुढचा सेंच्युरियनचा सामना डेनेस यांस वगळून खेळला गेला, म्हणून आंतरराष्ट्रीय मंडळानें तो कसोटी मानलाच नाहीं. सेहवाग त्या सामन्यांत बाहेर बसले होते. आपलें मंडळ म्हणे शिक्षा भोगून झाली; तें मंडळ म्हणे झाली नाहीं. अखेर इंग्लंडविरुद्ध मोहालीचा सामना सुरू झाला तो सेहवागांवांचून. वेगवान गोलंदाज जवागल श्रीनाथ हेही त्या सामन्यास नव्हते. त्या दिवशीं तिघांनीं प्रथमच कसोटीचें मैदान पाहिलें: केरळचे टिनू योहानन, ज्यांचे वडील 1974 सालच्या तेहरानच्या आशियाई सामन्यांत लांब उडींत सुवर्णपदक मिळविते झाले होते, बीडास जन्मलेले संजय बांगर, आणि आमच्याच गांवीं जन्मलेले इक्बाल सिद्दिकी.

तेव्हां गांवाचें नांव औरंगाबाद होतें. छत्रपति संभाजीनगर हें नांव 2023 पासूनचें. मराठवाड्याचीं दोन माणसें एकाच दिवशीं देशाच्या अकरांत, ही गोष्ट शाळेच्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांस आपल्या घरचीच वाटली. सिद्दिकींनीं ग्रॅहम थॉर्प यांस बाद केलें, फलंदाजीस आल्यावर 24 धांवा केल्या. सामन्याचे खरे मानकरी अनिल कुंबळे. परंतु शेवटीं जिंकण्यास अवघ्या पांच धांवा उरल्या असतां गोलंदाज असलेल्या सिद्दिकींसच सलामीस धाडण्यांत आलें, आणि विजयाची धांव त्यांच्याच बॅटींतून आली. खोलींत आम्हीं सर्वांनीं टाळ्या पिटल्या. एक वर्ग त्या वेळीं गुरुजींवांचून बसला होता, हें आम्ही आतां कबूल करण्यास हरकत नाहीं.

पुढच्या, अहमदाबादच्या सामन्यांत सेहवाग परतले, बांगर बाहेर. श्रीनाथ परतले, सिद्दिकी बाहेर. बांगरांना पुन्हा बोलावणें आलें. 2002 च्या आरंभीं नागपुरास झिंबाब्वेविरुद्ध त्यांनीं नाबाद शतक केलें, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत इंग्लंडांत हेडिंग्लेला त्यांस सलामीस धाडलें. तेथें त्यांच्यासाठीं ज्यांना बसावें लागलें ते वसीम जाफर. फलंदाज म्हणून जाफर यांचें पारडें जड, हें कोणीही सांगेल. पुढें कसोटींत दोन द्विशतकें त्यांच्या नांवावर लागलीं. परंतु त्या सकाळीं आभाळ झांकोळलेलें, चेंडू वाटेल तसा वळत होता, आणि हवें होतें तें सौंदर्य नव्हे, तर खेळपट्टीवर ठाण मांडणारें कोणी तरी. बांगर ठाण मांडून बसले. केल्या धांवा 68, पण राहुल द्रविड यांच्यासह 170 ची भागी झाली. मग तेंडुलकर आणि गांगुली यांचीं शतकें, आणि डावानें विजय. ते नसते तर हा डोंगर रचला गेला असता काय, याचें उत्तर धांवफलकांत नसतें.

"आणि सिद्दिकींना?" नातीनें विचारलें.

"त्यांना पुन्हा संधि मिळाली नाहीं," पुतण्या म्हणाला. "एक कसोटी, बस्स. महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षें बळी घेत राहिले. तिकडे तीनशेंच्या वर झाले."

"म्हणजे ते वाईट होते म्हणून नाहीं?"

"श्रीनाथ परत आले म्हणून."

नात गप्प झाली. पुतण्याचा रोंख असा होता, कीं जागा कोणास मिळाली याचा त्याच्या योग्यतेशीं पुष्कळदां संबंध असतो, पण दर वेळीं नसतो. कोणी दूर देशीं पंचांशीं भांडतो आणि बीडच्या मुलाचें दार उघडतें. आम्हांस हें म्हणणें मान्य आहे. क्रिकेट त्या बाबतींत बास्केटबॉलहून कठोर. अकरांबाहेर जो राहिला तो राहिला; बारावा झाला तर बदली म्हणून चेंडू अडवील, पाणी नेईल, पण त्यास फलंदाजी नाहीं, गोलंदाजी नाहीं.

तिसऱ्या रात्रीं ज्येष्ठ बंधूंनीं हुकमाचें पान टाकलें. "अन्याय म्हणायचा तर तो देवधरांवर झाला," ते म्हणाले. "बाकी सगळं त्याच्यापुढं कांहींच नव्हे."

प्रा. दि. ब. देवधर हें नांव आमच्या घरांत लहानपणापासून कानीं पडलेलें. पुण्याच्या एस. पी. महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारा प्राध्यापक, धोतर सोडून पांढरी विजार चढवितो आणि गोऱ्यांचे चेंडू सीमेपार धाडतो, या कल्पनेवर आमची एक अख्खी पिढी वाढली. 1926 सालीं गिलिगन यांच्या इंग्लिश संघाविरुद्ध मुंबईस त्यांनीं 148 धांवा केल्या. आपण कसोटीच्या योग्यतेचे आहों असें ज्या कांहीं खेळींमुळें बाहेर वाटूं लागलें, त्यांत ही एक. परंतु 1932 सालीं पहिला कसोटी संघ इंग्लंडास निघाला तेव्हां देवधर चाळिशींत होते, आणि त्या संघांत त्यांचें नांव नव्हतें. म्हातारे ठरले! त्याच म्हाताऱ्यानें पुढें महाराष्ट्राचें नेतृत्व करून 1939–40 आणि 1940–41 अशीं दोन वर्षें रणजी करंडक आणला, आणि पन्नाशी उलटल्यावर नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें ठोकलीं. एकशेंएक वर्षांचें आयुष्य भोगून 1993 सालीं ते गेले. कसोटी मात्र एकही नाहीं.

ज्येष्ठ बंधूंनीं हें असें सांगितलें कीं ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावावे. आम्हींही हें शाळेंत शेंकडों वेळां असेंच सांगितलें आहे. परंतु त्या रात्रीं, मांडणींतल्या त्या ताटाकडे नजर गेल्यामुळें म्हणा, आम्हांस याच गोष्टीचा एक अलीकडचा भाग आठवला, जो आमच्या घरांत सांगण्याची चाल नाहीं.

1932 च्या आधीं बारा वर्षें, म्हणजे 1920 सालीं, मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंच्या संघाचे नायक एम. डी. पै हे आजारी पडले. संघांत विठ्ठल पळवणकर होते. त्यांचे वडील बंधु बाळू त्या वर्षीं आरंभीं संघांतून वगळले गेले होते. बाळू पळवणकर कोण? 1911 सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं जो हिंदी संघ विलायतेस गेला, त्यांत एकट्यानें 114 बळी घेणारा डावरा फिरकी गोलंदाज. जन्मानें चांभार. पुण्यास गोऱ्यांच्या क्लबांत खेळपट्टी तयार करतां करतां, त्यांना सरावाला चेंडू टाकतां टाकतां तयार झालेला. पुढें हिंदूंच्या संघाला गोऱ्यांस हरवावयाचें होतें, तेव्हां या गोलंदाजावांचून चालणार नव्हतें. म्हणून त्यास संघांत घेतलें. घेतलें, पण चहाच्या वेळीं त्याला तंबूच्या बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांत चहा मिळे. संस्कृतांत पात्र म्हणजे भांडें, आणि पात्र म्हणजे योग्य मनुष्य. मैदानांत ज्यास पात्र मानिलें त्याचें चहाचें पात्र मात्र वेगळें, ही कोटि आम्हांस सुचली. पण ती मुलांपुढें करण्याचा धीर झाला नाहीं, म्हणून येथें लिहितों.

तर पै आजारी पडल्यावर त्या सामन्याचें नायकत्व विठ्ठलांस मिळालें नाहीं. तें मिळालें देवधरांस. पै स्वतः थोर मनाचे. काहीं वर्षांपूर्वीं, 1913 सालीं, नायकत्व आपणांस मिळालें असतां तें खरें बाळूंचें, असें त्यांनींच जाहीरपणें म्हटलें होतें. या वेळीं विठ्ठल आणि त्यांचे वडील बंधु शिवराम संघांतून बाहेर पडले. गांवांत ओरड झाली. शेवटच्या सामन्यास बाळूंस परत घेऊन उपनायक केलें, तेव्हां दोघे बंधु परतले. आणि 1923 सालीं विठ्ठल पळवणकर हिंदूंच्या संघाचे नायक झाले. त्यांच्या नेतृत्वाखालीं हिंदूंनीं गोऱ्यांस हरविलें. पुढें त्यांनीं आपलें आत्मचरित्र मराठींत लिहिलें. 'माझें क्रीडाजीवन' असें त्याचें नांव.

देवधरांविषयींचा आमचा आदर तिळमात्र कमी झालेला नाहीं. निवड समितीची होती, त्यांची नव्हे. त्यांची योग्यताही मोठीच होती. परंतु ज्या मनुष्यावर 1932 सालीं अन्याय झाला म्हणून आपण आजवर हळहळतों, तोच 1920 सालीं दुसऱ्या एकाच्या जागेवर बसविला गेला होता; आणि आपल्या घरांतून या दोहोंपैकीं एकच गोष्ट मुलांस सांगितली जाते. देवधर म्हातारे म्हणून राहिले, हें आम्हांस पाठ. विठ्ठल कां राहिले, हें विचारावयाचें नाहीं.

ज्येष्ठ बंधु पुष्कळ वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "तें त्या काळचं होतं." आणि ताटावरून उठले.

त्या काळचें! तेव्हां आम्हीं जी गोष्ट सांगितली ती आमच्या काळची. ती घरांतही कोणास ठाऊक नव्हती.

1989 सालचा पावसाळा. आमच्या शाळेचा खो-खोचा संघ जिल्ह्याच्या सामन्यांस जावयाचा होता, आणि खेळाचे गुरुजी आजारी, म्हणून संस्कृतच्या मास्तराकडे ती जबाबदारी आली. खो-खोंत नऊ खेळतात. आठ पाटीवर एकाआड एक तोंडें फिरवून बसलेले, नववा पाठलागावर. या खेळांत बसणें हाच खेळ आहे. बसल्या जागेवरून खो मिळतांच बाणासारखा जो उठतो तो खरा. आठ मुलें ठरलीं. नवव्या जागेस दोघे होते. एक आमच्याच वर्गांतला, सुभाषितें खणखणीत म्हणणारा, चांगल्या घरचा. दुसऱ्याचे वडील रेल्वे स्टेशनावर हमाली करीत. मुलगा सकाळीं वर्तमानपत्रें टाकी आणि सरावाला दहा मिनिटें उशिरां येई. उठण्यांत आणि खांबापाशीं वळण्यांत त्याच्या तोडीचा सबंध शाळेंत कोणी नव्हता. हें आम्हांस दिसत होतें. आम्हीं वहींत लिहिलें, 'वक्तशीरपणाचा अभाव', आणि पहिल्याचें नांव घातलें.

वक्तशीरपणाचा अभाव होता, हें खोटें नव्हे. पण तो उशिरां कां येतो, हें आम्हांस ठाऊक होतें, आणि उशीर करणारीं आणखी दोन मुलें आम्हीं घेतलेल्या आठांत होतीं. त्यांच्यापुढें वहींत कांहीं लिहिलें नव्हतें. मग खरें कारण काय? तें आम्हीं स्वतःस त्या दिवशीं विचारलें नाहीं. पहिल्याचे वडील आम्हांस रस्त्यांत नमस्कार करीत. त्याची वाणी शुद्ध होती. तो आमच्यासारखा होता. एवढें पुरेसें झालें.

संघ पहिला सामना जिंकला आणि दुसरा हरला. हरला तो नवव्यामुळें नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. तो मुलगा मात्र पुन्हा सरावास आला नाहीं. तीन वर्षांपूर्वीं शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, तेथें तो भेटला. आतां त्याचें स्वतःचें लोखंडी कामाचें वर्कशॉप आहे, पांच माणसें हाताखालीं आहेत. वांकून नमस्कार केला, चहा आणून दिला. बोलतां बोलतां सहज म्हणाला, "सर, त्या खो-खोच्या वेळीं मला राग आला तो नांव नव्हतं म्हणून नाहीं. तुम्ही मला सांगितलं नाहीं म्हणून. मी फळ्यावर वाचलं." आम्ही कांहीं तरी पुटपुटलों. त्यानें लगेच विषय बदलला. तो आमच्याहून अधिक सभ्य निघाला.

ही हकीकत संपल्यावर नात म्हणाली, "मग तुम्ही त्यांना खरं कारण सांगितलंत का, आजोबा?"

"नाहीं," आम्ही म्हणालों.

"अजून?"

"अजून नाहीं."

तिनें आमच्याकडे पाहिलें तें पाहणें आम्हांस सोसवलें नाहीं. ती उठली, आणि दुसरे दिवशीं सकाळीं शाळेंत जातांच आपल्या खेळाच्या गुरुजींकडे गेली. ही हिंमत आमच्या काळीं कोणाजवळ नव्हती. तिनें त्यांस विचारलें, कीं मला कां घेतलें आणि तिला कां ठेवलें, तें तिच्यासमोर सांगा. गुरुजी तरुण आहेत. त्यांनीं राग मानला नाहीं. त्यांनीं दोघींना बसवून सांगितलें, कीं पहिल्या सामन्याच्या विरुद्ध संघांत तीन मुली उंच आहेत, त्यांच्यापुढें कड्याखालीं उंच मुलगी हवी. पुढच्या शनिवारीं ज्या शाळेशीं गांठ आहे त्या मुली ठेंगण्या पण चपळ. तेव्हां पहिल्या पांचांत मैत्रीण असेल. हें त्यांनीं यादी लावण्याआधींच ठरविलें होतें. सांगावयाचें राहून गेलें होतें, इतकेंच.

त्या संध्याकाळीं ताट मांडणींतून खालीं आलें. मैत्रिणीनें आमटी दोनदां मागून घेतली, आणि सौभाग्यवतींनीं त्या दोघींस पहिल्या पंगतीला बसविलें. आम्हां दोघां भावांस मागाहून वाढलें. आमटी निवली होती, हें आम्हीं तक्रार म्हणून लिहीत नाहीं.

परवांच्या शनिवारीं सगळें घर सामन्यास गेलें. ज्येष्ठ बंधूंनीं घडीची खुर्ची आणि छत्री बरोबर घेतली होती, आणि सावली धरून ते मैदानाच्या अगदीं कडेस बसले. शिटी झाली. मैत्रीण पांचांत उतरली. आमची नात बांकावर, गळ्यांत टॉवेल घालून, मैत्रिणीचें नांव घेऊन ओरडत होती. दुसऱ्या डावाचीं तीन मिनिटें उलटलीं तरी ती बसलेलीच. तेव्हां ज्येष्ठ बंधु, ज्यांच्या मतें यादीवर चर्चा करणें हा शिस्तभंग होता, छत्री टेंकीत उठले, आणि सबंध मैदानास ऐकूं जाईल अशा आवाजांत त्यांनीं गुरुजींस विचारलें, "अहो, आमची पोर कां बसली आहे?"